केळ्याची साल आणि मेंदूतील कृष्णद्रव्य

फळ हे आपल्या समाजात देवापुढे ठेवण्याचे, पाहुण्याच्या हाती देण्याचे आणि आजाऱ्यास भरवण्याचे अन्न आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या तीन उपयोगांत चौथ्याची भर पडली आहे. फळांच्या रंगात, तुरटपणात व सालीत जी काही सूक्ष्म द्रव्ये असतात, ती माणसाच्या मेंदूचे झिजेपासून रक्षण करतात, असे आता औषधी दुकानांतील डब्यांवर आणि वर्तमानपत्रांतील जाहिरातींत ठळक अक्षरांत छापलेले आढळते. सुखवस्तू व निरोगी मनुष्यास या वाक्याचे फारसे काही वाटणार नाही. परंतु ज्या घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा हात कापू लागला आहे, किंवा ज्या घरातील आजीस आपल्याच नातवाचे नाव आठवेनासे झाले आहे, त्या घरास हे केवळ शास्त्रातील एक विधान राहत नाही. ते आशेचे वाक्य होते. आणि आशेची किंमत रोख मोजून घेणारे लोक जगात पुष्कळ आहेत. म्हणून हे वाक्य कोठून आले, त्यास कोणाची साक्ष आहे व ती साक्ष कितपत टिकते, याचा इतिहास एकदा नीट पाहणे अवश्य आहे.

हा इतिहास आम्ही खानदेशापासून सांगू इच्छितो, व त्यास दोन कारणे आहेत. १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्य ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. पूर्वेकडील तापीकाठच्या काळ्या जमिनीत, रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत, केळीच्या बागांनी जे वैभव आणले ते सर्वश्रुत आहे. सावदा व रावेर या स्थानकांवरून केळ्यांचे डबे भरभरून उत्तर हिंदुस्थानात गेले, आणि २०१६ साली जळगावच्या केळ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. आमच्या विषयातील सर्वांत विलक्षण प्रकरण, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, याच फळाच्या सालीत दडलेले आहे. हे झाले पहिले कारण. दुसरे कारण धुळ्याचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यास निवर्तले, व त्यांच्या नावाने निघालेले संशोधन मंडळ त्याच शहरात आहे. बखर व अस्सल पत्र यांचे मोल सारखे धरू नये, हा धडा त्यांनी महाराष्ट्रास दिला. शास्त्रातील विधानांसही हीच कसोटी लागू पडते. काचेच्या नळीतील साक्ष, उंदराची साक्ष आणि माणसाची साक्ष या तिहींचे मोल एक नव्हे. आणि या विषयात झालेला बहुतेक घोटाळा बखरीस अस्सल पत्र समजल्याने झालेला आहे.

प्रथम मूळ कल्पना समजून घेऊ. लोखंड गंजते, तेल खवट होते, चिरलेले वांगे घटकाभरात काळवंडते. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी प्राणवायू आहे. ज्या वायूवाचून आपण क्षणभर जगू शकत नाही तोच वायू हळूहळू आपल्यास जाळीतही असतो. शरीरात अन्नाचे ज्वलन होताना काही अणुसमूह असे निपजतात की त्यांतील एक इलेक्ट्रॉन जोडीवाचून राहतो. यांस मुक्त मूलके म्हणतात. हा एकाकी इलेक्ट्रॉन शेजारच्या रेणूकडून जोडीदार ओढून घेतो, तो शेजारी आणखी कोणाकडून घेतो, आणि अशी लुटालुटीची साखळीच लागते. जे द्रव्य स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी तोडते व आपण मात्र शांत राहते, त्यास आज सर्वत्र अँटिऑक्सिडंट म्हणतात. आम्ही सोयीसाठी त्यास रक्षकद्रव्य म्हणू. मेंदूस या दाहाचे भय विशेष. त्याचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के, परंतु विश्रांतीच्या वेळीही शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा खर्च करतो. त्याचा देह स्निग्ध द्रव्यांचा, म्हणजे खवट होण्यास योग्य असा. आणि मज्जापेशी एकदा मेली म्हणजे तिची जागा घेण्यास बहुधा दुसरी उपजत नाही.

आता झाडाची बाजू. झाडास ऊन लागले म्हणून सावलीत जाता येत नाही, किडा आला म्हणून पळता येत नाही. जेथे रुजले तेथेच उभे राहून त्याने सर्व संकटांशी झुंजावयाचे असते. म्हणून ते आपल्या पानाफळांत, विशेषतः सालीत व बियांभोवती, निरनिराळी संयुगे साठवते. जांभळाचा गर्द रंग अँथोसायनिन या वर्गातील द्रव्यांचा, आवळ्याचा तुरटपणा टॅनिनांचा. ही द्रव्ये झाडाने आपल्या मेंदूसाठी केलेली नाहीत. ती त्याने स्वतःच्या सालीसाठी केलेली आहेत. हे साधे सत्य वाचकांनी मनाशी धरून ठेवावे, कारण पुढील शंभर वर्षांतील पुष्कळशी निराशा ते विसरल्याने पदरी पडली.

फळात काही रक्षक गुण आहे ही जाणीव प्रयोगाने प्रथम सिद्ध झाली ती समुद्रावर. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी वैद्याने सॉल्सबरी या जहाजावरील स्कर्व्हीने आजारी झालेले बारा खलाशी निवडून त्यांच्या सहा जोड्या केल्या व प्रत्येक जोडीस वेगळा उपचार दिला. संत्री व लिंबे मिळालेली जोडी सर्वांआधी बरी झाली. पण फळातील कोणते द्रव्य हे काम करते, हे कळण्यास पावणेदोनशे वर्षे जावी लागली. तो शोध लागला कसा, हे आमच्या विषयास फार समर्पक आहे. हंगेरीतील शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांस असा प्रश्न पडला की, बटाटा किंवा सफरचंद कापून ठेविले असता तपकिरी पडते, परंतु लिंबू-संत्री पडत नाहीत, ते का? या फळांच्या रसात काळवंडण्याची क्रिया थोपवून धरणारे काहीतरी असले पाहिजे, या तर्काच्या मागे जाता जाता १९२८ साली त्यांनी एक आम्ल वेगळे केले. १९३२ साली ते म्हणजेच क जीवनसत्त्व होय असे ठरले. व १९३७ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. गृहिणीच्या रोजच्या पाहण्यातील एका गोष्टीने विसाव्या शतकातील एका मोठ्या शोधाचे दार उघडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९३६ हे साल या इतिहासात विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. खानदेशच्या वाचकांस ते फैजपूरच्या काँग्रेसचे साल म्हणून आठवेल. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. त्याच साली सेंट-ज्यॉर्जी व त्यांचे सहकारी यांनी लिंबाच्या सालीतील फ्लॅव्होनॉइड वर्गाच्या द्रव्यांस प जीवनसत्त्व असे नाव देऊन, ती सूक्ष्म रक्तवाहिन्यांस बळकटी आणतात, असे जाहीर केले. आणि त्याच साली मद्रास येथे दामोदरन व नायर या दोघा संशोधकांनी आपल्या आवळ्यासंबंधी एक निबंध इंग्लंडातील जीवरसायनाच्या प्रमुख नियतकालिकात छापविला. आवळ्यातील एक टॅनिन त्याच फळातील क जीवनसत्त्वाचे प्राणवायूपासून रक्षण करते, असे त्यांनी दाखविले होते. फळात केवळ रक्षकद्रव्य असते इतकेच नव्हे, तर त्या रक्षकाचेही रक्षण करणारे दुसरे द्रव्य त्याच फळात असू शकते, ही गोष्ट आपल्या देशात इतक्या लवकर नोंदली गेली, हे अभिमानास्पद आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या, आवळा परिचयाचा असलेल्या माणसास हा निबंध आपलाच वाटावा. याच सुमारास फ्लॅव्होन वर्गातील द्रव्ये प्रयोगशाळेत घडविण्याची एक रीती सिद्ध झाली. तीस आजही बेकर व वेंकटरामन यांच्या जोडनावाने ओळखतात. यांतील कृष्णस्वामी वेंकटरामन हे पुढे मुंबई विद्यापीठाच्या रसायन-तंत्र विभागाचे प्रमुख व १९५७ पासून पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

तथापि प जीवनसत्त्वाचे भाग्य फार दिवस टिकले नाही. ते न मिळाल्याने अमुक रोग होतो असे निर्विवाद सिद्ध करता येईना, आणि जे नसल्याने रोग होत नाही त्यास जीवनसत्त्व म्हणता येत नाही. १९५० साली अमेरिकेतील जीवरसायनशास्त्रज्ञांच्या समितीने ते नाव टाकून देण्याची शिफारस केली. या विषयातील आशाभंगाचा हा पहिला प्रसंग होय.

आता केळ्याकडे वळू. १९५८ साली अमेरिकेतील काही वैद्य एका विशिष्ट अर्बुदाच्या निदानासाठी रोग्यांचे मूत्र तपासीत असत. केळी खाल्लेल्या निरोगी माणसाच्या मूत्रातही त्या रोगाची खूण दिसते, असे आढळून आले, व कारण शोधण्यासाठी केळ्याचेच पृथक्करण झाले. त्यात जे सापडले त्याने शास्त्रज्ञ चकित झाले. प्राण्यांच्या मज्जासंस्थेत निरोप पोहोचविण्याचे काम करणारी सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन व डोपामिन ही द्रव्ये या फळात चांगल्या प्रमाणात होती. पुढच्याच वर्षी, १९५९ साली, ग्रिफिथ्स या संशोधकाने दाखविले की केळे ज्यामुळे काळे पडते ते द्रव्य डोपामिनच होय. सालीस दुखापत झाली, म्हणजे एक विकर व प्राणवायू यांची डोपामिनाशी गाठ पडते आणि त्याचे काळे रंगद्रव्य बनते. शीतगृहात सुमारे १३ अंशांच्या खाली उष्णता गेली म्हणजे साल काळवंडते, आणि वाहतुकीत घड आपटला म्हणजे डाग पडून भाव उतरतो, हे रावेरच्या बागायतदारास नव्याने सांगावयास नको. त्याच्या नुकसानीचा तो काळा डाग मुख्यतः अशा द्रव्यांच्या ज्वलनाचा डाग आहे.

२००० साली कानाझावा व साकाकिबारा या जपानी संशोधकांनी कॅव्हेंडिश जातीच्या केळ्यांतील डोपामिन मोजले. खानदेशात दीर्घकाळ लावली गेलेली बसराई व हल्लीची ग्रँड नैन या दोन्ही जाती याच कुळातील आहेत. सालीच्या १०० ग्रॅमांत ८० ते ५६० मिलिग्रॅम आणि गरात २.५ ते १० मिलिग्रॅम, असे प्रमाण त्यांस आढळले. शिवाय रक्षकद्रव्य म्हणून पाहता डोपामिन हे क जीवनसत्त्वाच्या तोडीचे प्रबळ ठरले. उष्ण प्रदेशातील प्रखर उन्हापासून बचाव करण्यासाठी केळीने ही तजवीज केली असावी, असा तर्क आहे. जळगाव-भुसावळच्या वैशाखाचा अनुभव असणाऱ्यास तो पटण्यासारखा आहे.

येथे वाचकाच्या मनात एक प्रश्न साहजिक उभा राहील. डोपामिन हे मेंदूस लागणारे द्रव्य, केळ्यात ते विपुल, आणि ते रक्षकही. मग केळे हेच मेंदूचे औषध का नव्हे? याचे उत्तर देण्यासाठी मेंदूतील डोपामिनाचा इतिहास पाहिला पाहिजे.

कंपवाताचे पहिले व्यवस्थित वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. या रोगात मेंदूच्या तळाशी असलेला, काळ्या रंगामुळे कृष्णद्रव्य म्हणून ओळखला जाणारा भाग फिका पडतो व तेथील पेशी नाहीशा होतात, असे १९१९ साली त्रेतियाकोफ यांनी पॅरिस येथे दाखविले. या पेशींचे काम काय, हे उकलण्यास आपली सर्पगंधा उपयोगी पडली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील या मुळीचा गुण पाश्चात्त्य वैद्यांपुढे मांडला; १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे झाले; आणि १९५७ साली स्वीडनमधील आर्व्हिद कार्लसन यांस असे दिसले की रेसर्पिन दिल्याने निश्चल पडलेले ससे, डोपामिनाचे पूर्वद्रव्य जे एल-डोपा ते टोचताच हालचाल करू लागतात. १९६० साली व्हिएन्नाच्या हॉर्निकीविच यांनी कंपवाताच्या मृत रोग्यांच्या मेंदूत डोपामिनाची मोठी तूट सिद्ध केली. पुढल्या वर्षी त्यांनी व बिर्कमायर यांनी एल-डोपा टोचून पाहिले, आणि १९६७ साली अमेरिकेत कोत्झियास यांनी ते पोटातून मोठ्या मात्रेत देऊन रोगी चालते-बोलते केले.

डोपामिन न देता त्याचे पूर्वद्रव्य का दिले? कारण रक्त व मेंदू यांच्यामध्ये एक तट आहे. १८८५ साली पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला असता सर्व अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्या तटाची ही पहिली खूण होती. डोपामिनास या तटातून आत प्रवेश नाही, एल-डोपास आहे. केळ्यातील डोपामिनाची बहुतेक वासलात तर आतडे व यकृत येथेच लागते, आणि जे उरेल ते तटाशी अडते. म्हणून केळे कितीही खाल्ले तरी त्यातील डोपामिन कंपवाताच्या रोग्याच्या मेंदूत पोहोचणार नाही. आवळ्यावर निबंध लिहिणारे दामोदरन यांनीच, रामस्वामी यांच्यासह, पुढल्या वर्षी म्हणजे १९३७ साली, खाजकुइलीच्या बियांतून एल-डोपा वेगळे केले होते. त्या वेळी त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल हे कोणाच्या स्वप्नीही नव्हते. १९७८ साली मुंबईत डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बियांचे चूर्ण कंपवाताच्या रोग्यांस देऊन त्याचा गुण नोंदविला. कोणत्या वनस्पतीचे द्रव्य मेंदूस उपयोगी पडेल हे ती वनस्पती किती रुचकर अथवा पवित्र आहे यावरून ठरत नाही. केळे देवाच्या नैवेद्यास व खाजकुइली अंगाची आग करणारी. पण तटाचा दरवाजा उघडला तो दुसरीस.

आणखी एक गोष्ट याहून अधिक विचार करावयास लावणारी आहे. कृष्णद्रव्यास काळा रंग कशाने येतो? तेथील पेशींत डोपामिनाचे प्राणवायूशी जे ज्वलन होते, त्यातून साचत गेलेल्या रंगद्रव्याने. म्हणजे केळ्याच्या सालीवरील काळा डाग व माणसाच्या मेंदूतील काळा पट्टा ही एकाच रसायनाच्या कुळातील भावंडे होत. ज्या गुणामुळे डोपामिन रक्षक ठरते, तो म्हणजे इलेक्ट्रॉन सहज देऊन टाकण्याचा. पण तो दिल्यावर त्याचे स्वतःचे जे रूप होते ते क्रियाशील व दाहक असते, आणि कृष्णद्रव्यातील पेशी इतरांआधी का मरतात याचे एक कारण हेच असावे असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. सालीतील रक्षक पेशीतील भक्षक होऊ शकतो. रक्षण हा द्रव्याच्या अंगी चिकटलेला गुण नव्हे. ते द्रव्य कोठे आहे व किती आहे, यावर तो अवलंबून आहे. स्थान व प्रमाण ही दोन पदे गाळून केलेले कोणतेही विधान या विषयात अर्धवट राहते.

दुर्दैवाने नेमकी हीच दोन पदे गाळली गेली. १९५६ साली डेनहॅम हार्मन यांनी असे प्रतिपादन केले की वार्धक्याचे मूळ मुक्त मूलकांच्या दाहात आहे. १९६९ साली मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी अशा मूलकांचा नाश करणारे विकर शरीरातच असते असे दाखविल्यावर या मतास बळ आले. १९९९ साली बॉस्टन येथे जेम्स जोसेफ यांनी म्हाताऱ्या उंदरांस आठ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी व पालक यांचा अर्क चारला, तेव्हा त्यांची स्मृती सुधारली व ब्लूबेरीने तोलही सुधारला. २००० साली जांभळ्या वांग्याच्या सालीतील नासुनिन या द्रव्याने उंदराच्या मेंदूच्या लगद्यास खवट होण्यापासून वाचविले, असे जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केले. प्रयोग खरे होते. परंतु लगदा म्हणजे जिवंत मेंदू नव्हे. शिवाय आपल्या जळगावच्या भरिताचे वांगे हिरवे-पांढरे, त्यात नासुनिनाचा जांभळा रंग नाही. आणि जांभळे असते तरी भाजल्यावर साल आपण काढूनच टाकतो. गरात क्लोरोजेनिक आम्ल असते, ज्यामुळे चिरलेली फोड काळवंडते, व ते ठीकच आहे. पण भरीत खावयाचे ते चवीसाठी. त्यास मेंदूचे औषध म्हणणे म्हणजे उंदराच्या लगद्याची साक्ष आपल्या ताटावर लादणे होय.

मग माणसाची साक्ष काय? १९९३ साली अमेरिकेत कंपवाताच्या ८०० रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल आला. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने रोगाची गती मंदावली नाही. १९९४ साली फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील प्रयोगाचा निकाल तर धक्कादायक होता. गाजरातील पिवळे रक्षकद्रव्य बीटाकॅरोटीन, गोळीच्या रूपाने घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्क्यांनी वाढला. १९९७ साली स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांत ई जीवनसत्त्वाने रोगाची वाढ काहीशी लांबविली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण २००५ साली, स्मृती नुकतीच मंदावू लागलेल्या लोकांत त्याचा उपयोग दिसला नाही. २०१२ साली सुमारे सोळा हजार वृद्ध परिचारिकांच्या निरीक्षणात, स्ट्रॉबेरी व ब्लूबेरी अधिक खाणाऱ्यांचा स्मृतिऱ्हास अडीच वर्षांपर्यंत मागे पडल्याचे आढळले. ही बातमी उत्साहवर्धक खरी. परंतु अशी फळे नित्य खाणारी बाई शिक्षण, सांपत्तिक स्थिती, व्यायाम यांतही बहुधा वरचढ असते, आणि हे सर्व धागे वेगळे काढणे कठीण आहे. २०२२ साली दोन हजारांहून अधिक वृद्धांस तीन वर्षे कोकोतील फ्लॅव्होनॉइडांचा अर्क देऊन झालेल्या प्रयोगात एकंदर बुद्धीस काही लाभ झालेला दिसला नाही. आणि २०१२ सालीच अमेरिकेच्या शेतकी खात्याने निरनिराळ्या फळांची रक्षकशक्ती आकड्यांत देणारे आपले कोष्टक मागे घेतले. नळीतील आकड्यांचा शरीरातील परिणामाशी मेळ बसत नाही व व्यापारी त्यांचा दुरुपयोग करतात, असे कारण त्या खात्याने दिले. डब्यांवरील आकड्यांचा मूळ कागद असा त्याच्या लेखकानेच रद्द केला आहे.

याचे कारण आज बरेचसे कळले आहे. ही द्रव्ये आतड्यातून फार थोडी शोषली जातात, शोषलेली यकृतात रूपांतर पावतात, आणि मेंदूत पोहोचणारा अंश इतका अल्प असतो की त्याने तेथे मूलकांशी समोरासमोर झुंज द्यावी हे संभवत नाही. त्यांचा उपयोग होत असेल तर तो आडवाटेने होत असावा: रक्तवाहिन्यांचे आरोग्य राखून, आतड्यातील जंतूंच्या द्वारा, किंवा सौम्य त्रासाच्या रूपाने पेशीस तिचे स्वतःचे संरक्षण जागे करण्यास प्रवृत्त करून. ही गोष्ट पहिल्या कल्पनेहून कमी आकर्षक आहे, पण अधिक खरी दिसते.

फळातील द्रव्य मज्जापेशीस नेहमी मित्रच असते असेही नाही. १९९९ साली वेस्ट इंडीजमधील ग्वादलूप बेटावर, औषधास दाद न देणाऱ्या कंपवातसदृश विकाराचे रोगी फार आढळले, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांस मामफळ व त्याच्या पानांचा काढा घेण्याची सवय होती. त्या फळातील अॅनोनॅसिन हे द्रव्य मज्जापेशींस घातक आहे, असे पुढे प्रयोगांत दिसले. मामफळ हे आपल्या सीताफळाच्याच गोत्रातील. यावरून हंगामात चार सीताफळे खाणाऱ्याने घाबरण्याचे काही कारण नाही. त्या बेटावरील सवय वर्षानुवर्षांची होती व कार्यकारणसंबंधही वादातीत झालेला नाही. पण निसर्गातील ते सर्व हितकर, या भोळ्या समजुतीस हा चांगला उतारा आहे.

आमचे काही मित्र यावर म्हणतील की, हे सर्व आपल्या पूर्वजांस ठाऊकच होते. त्यांस आम्ही चरकसंहिता उघडून पाहण्याची विनंती करू. तीत आवळ्याची थोरवी आहे, च्यवनप्राश आहे, हे खरे. परंतु बुद्धीस हितकर म्हणून जी चार मेध्य रसायने सांगितली आहेत ती मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची व शंखपुष्पी यांची. त्यांत फळ एकही नाही. पूर्वजांचा मान राखावयाचा तर त्यांनी जे म्हटले तेच त्यांच्या नावे सांगावे, आपल्या सोयीचे सांगू नये.

तर या शंभर वर्षांच्या इतिहासाचा निष्कर्ष काय? फळ खाणाऱ्या समाजाचे आरोग्य, हृदयाचे व बहुधा मेंदूचेही, अधिक चांगले राहते, यास बऱ्यापैकी साक्ष आहे. फळातील एखादे द्रव्य वेगळे काढून गोळीत भरले असता ते कंपवात किंवा स्मृतिभ्रंश टाळते, यास तशी साक्ष नाही. आणि जडलेला रोग फळाने बरा होतो, यास तर मुळीच नाही; त्यासाठी वैद्याने दिलेले औषध बंद करून फळाच्या भरवशावर राहणे हा रोग्याचा घात आहे. संशोधन थांबलेले नाही, व उद्या नवा अस्सल कागद सापडला तर आम्ही तो आनंदाने मान्य करू. पण आज जो डबा विकला जातो त्याच्या पाठीशी तो कागद नाही.

म्हणून ज्या घरास आपल्या वृद्धांची काळजी आहे त्याने परदेशी बोरांच्या महागड्या कुप्यांवर पैसा न घालता तो रोजच्या ताटाकडे वळवावा. केळे, पपई, पेरू, जांभूळ, आवळा, बोर यांतील जे ज्या हंगामात येईल ते घ्यावे, रक्तदाब व मधुमेह ताब्यात ठेवावे, वृद्धांस चालते-फिरते व माणसांत ठेवावे. मेंदूच्या रक्षणासाठी आज याहून भरवशाचे फारसे काही ज्ञात नाही. केळीच्या मुलखातही ही गोष्ट बोलून दाखवावी लागते, कारण जेथे फळ बाजारासाठी पिकते तेथे उत्तम घड गाडीत चढतो, आणि बागेत राबणाऱ्या मजुराच्या मुलाच्या वाट्यास फळ येईलच असा नेम नसतो. केळ्याने बुद्धी वाढेल अशा लालचीने त्या मुलास ते द्यावयाचे नाही. त्याने भूक भागते, पोषण होते, आणि ते त्याच्याच गावच्या मातीत पिकते, एवढे कारण त्यास पुरेसे आहे.